घटक ४ : आपत्तीनंतरची पुनर्उभारणी आणि श्रद्धाधारित धर्मादाय संस्था – मालवण किनाऱ्याच्या संदर्भात

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• तातडीची मदत, पुनर्वसन आणि पुनर्उभारणी यांतील फरक सांगता येईल.
• मालवण किनाऱ्यावरील आपत्तींचे स्वरूप आणि तेथील उपजीविकेचे वेळापत्रक यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• श्रद्धाधारित संस्थांची बलस्थाने व मर्यादा महाराष्ट्रातील दोन उदाहरणांच्या आधारे विशद करता येतील.
• अशा संस्थेच्या कार्याचे मूल्यमापन करण्याचे निकष वापरता येतील.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वादळ काही तासांत निघून जाते. त्याने मोडलेला संसार उभा राहण्यास मात्र कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे लागतात. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रांचे बातमीदार येतात, पुढारी येतात, मदतीच्या गाड्या येतात. महिनाभराने हे सारे ओसरते. त्यानंतरच्या काळात आपत्तीग्रस्त कुटुंबाच्या सोबतीला कोण उरते, हा प्रस्तुत घटकाचा मूळ प्रश्न आहे.

देवस्थान, चर्च, मशीद, मठ किंवा एखाद्या धर्मसमाजाने चालविलेला न्यास या संस्था आपत्तीपूर्वी गावात असतात आणि आपत्तीनंतरही तेथेच राहतात. त्यांचे सर्वांत मोठे सामर्थ्य या सातत्यात आहे. परंतु प्रत्येक श्रद्धासमूहाला स्वतःची सीमा असते आणि सीमा म्हटली की आतले व बाहेरचे असा भेद आलाच. मदतीची यादी करताना संस्था ही सीमा ओलांडते की तिच्यापाशी थांबते, यावर तिच्या कार्याचे सामाजिक मोल ठरते. हा विचार आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण किनारा समोर ठेवून तपासणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संकल्पनांची ओळख

आपत्तीनंतरच्या कार्याचे तीन टप्पे मानले जातात. पहिला टप्पा तातडीच्या मदतीचा : अन्न, पाणी, निवारा व औषधोपचार. दुसरा पुनर्वसनाचा : घर, शाळा, रस्ता, वीज या सोयी पुन्हा सुरू होणे. तिसरा पुनर्उभारणीचा : कुटुंब पुन्हा स्वतःच्या कमाईवर उभे राहणे आणि पुढच्या आपत्तीला तोंड देण्याची त्याची ताकद पूर्वीपेक्षा वाढणे. पहिला टप्पा दिवसांत मोजला जातो, तिसरा वर्षांत.

‘श्रद्धाधारित धर्मादाय संस्था’ म्हणजे जिची प्रेरणा, निधी किंवा कार्यकर्ते एखाद्या धर्मश्रद्धेतून येतात, पण जिचे कार्य पूजा-प्रार्थनेपुरते मर्यादित नसून लोकांच्या ऐहिक अडचणींशी जोडलेले असते, अशी संस्था. दान, जीवदया, जकात, लंगर, सेवा, ख्रिस्ती परंपरेतील प्रीतिकार्य ही या प्रेरणेची निरनिराळी नावे होत.

या संदर्भात १८९७ हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. १ मे रोजी स्वामी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली आणि त्याच सुमारास स्वामी अखंडानंद बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात दुष्काळनिवारणाच्या कामात होते. त्याच वर्षी जर्मनीत कॅथलिक समाजाच्या ‘कारितास’ संघटनेचा आरंभ झाला. मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुलींना घेऊन आलेल्या पंडिता रमाबाई त्याच काळात केडगावच्या माळावर तात्पुरते निवारे उभारत होत्या. श्रद्धेने प्रेरित झालेली माणसे निरनिराळ्या ठिकाणी एकाच वेळी संघटित सेवेकडे वळत होती, हे या घटनांवरून दिसते.

आज या कार्याला कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये न्यासांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे होते. दारिद्र्य वा संकट यांचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य यांना हा कायदा धर्मादाय प्रयोजन मानतो. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील कलम ६१ नुसार आपत्तीग्रस्तांना भरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येत नाही. हे कलम पुढील विवेचनात आपल्याला उपयोगी पडेल.

४.३.२ मालवण किनारा : आपत्ती आणि उपजीविकेचे वेळापत्रक

मालवण तालुक्याचा किनारा दिसायला रमणीय, पण राहायला नाजूक आहे. देवबाग हे गाव एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामधील वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावर वसले आहे. तोंडवळी-तळाशील येथे समुद्र आणि कालावलची खाडी यांच्यामध्ये अशीच स्थिती आहे. मोठ्या उधाणात पाणी दोन्ही अंगांनी येते आणि पळायला मागे जमीन नसते.

गेल्या काही वर्षांत अरबी समुद्रातील वादळांचा फटका या किनाऱ्याला वारंवार बसला. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ ही त्यांतील ठळक नावे. तौक्ते १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. वादळाचा केंद्रबिंदू समुद्रातच राहिला, तरी सिंधुदुर्गात घरांवरची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले, आंबा, काजू व नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि नौकांचे नुकसान झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. नुकसान किती झाले याइतकेच ते केव्हा झाले हेही महत्त्वाचे असते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. मेचा उत्तरार्ध म्हणजे हंगामातील शेवटची कमाई पदरात पाडून घेण्याचे, पावसाची बेगमी करण्याचे दिवस. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. त्याआधी घर शाकारून झाले पाहिजे. म्हणजे तौक्तेनंतर छप्पर सावरायला कुटुंबाच्या हाती जेमतेम तीन आठवडे होते आणि पुढचे दोन महिने समुद्रातून उत्पन्न नव्हते. त्यात करोनाच्या निर्बंधांची भर होती. याउलट ‘क्यार’ आले ते नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी जोरात सुरू असताना. त्या वेळी छपराहून अधिक तातडीची गरज होती ती जाळी, होड्या व इंजिने यांची. एकाच गावाला दोन वादळांनंतर दोन निराळ्या प्रकारची मदत लागते. हा फरक ओळखण्यासाठी गावाचे वेळापत्रक ठाऊक असावे लागते आणि ते दूरच्या कचेरीतून कळत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) पुनर्उभारणी हा टप्पा तातडीच्या मदतीहून कोणत्या बाबतींत वेगळा आहे?
(आ) मे महिन्यातील वादळानंतर घराचे छप्पर ही तातडीची गरज का ठरते?

४.३.३ श्रद्धास्थान : आधीच बसलेली घडी

दक्षिण कोकणात धर्मजीवन आणि गावाचा कारभार यांची गुंफण जुनी आहे. ‘गावरहाटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत ग्रामदैवत, मानकरी, वार्षिक उत्सव आणि गावाने मिळून करावयाची कामे यांची घडी बसलेली असते. देवळात घातले जाणारे गाऱ्हाणे हे त्याचे बोलके रूप होय. गाऱ्हाणे घालणारा संकट सांगतो, गावाचे रक्षण मागतो आणि जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. बोलणारा एक असला तरी मागणे सगळ्यांचे असते. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही या रूपाकडे लक्ष द्यावे. संकट ही सामूहिक बाब आहे, ही जाणीव येथे उच्चारातूनच घडते.

मालवण परिसरात गाबीत, भंडारी, ख्रिस्ती, मुस्लिम अशा अनेक समाजांची वस्ती आहे. ख्रिस्ती वस्त्यांसाठी चर्च हे असेच एक केंद्र असते. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत निर्माण झाला. कॅथलिक समाजाची ‘कारितास इंडिया’ ही राष्ट्रीय संघटना १९६२ मध्ये स्थापन झाली असून ती ठिकठिकाणच्या धर्मप्रांतांच्या समाजसेवा संस्थांमार्फत काम करते. या रचनेमुळे दिल्लीत जमलेला निधी आणि वाडीतली गरज यांच्यामध्ये ओळखीच्या माणसांची साखळी तयार होते.

अशा घडीचे तीन लाभ सांगता येतात. एक, माहिती : कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, कोणत्या घरातील कर्ता मुंबईला आहे, हे येथे आधीच ठाऊक असते. दोन, विश्वास : मदत मागण्यात जो संकोच असतो तो ओळखीच्या दारी कमी होतो. तीन, सातत्य : प्रकल्पाची मुदत संपली म्हणून देऊळ किंवा चर्च गाव सोडून जात नाही. तौक्तेच्या वेळी करोनामुळे राज्यातील प्रार्थनास्थळे भाविकांसाठी बंद होती, हे येथे आठवावे. दार बंद असतानाही माणसांची जोडलेली साखळी टिकून राहते का, हीच अशा संस्थेची खरी परीक्षा असते.

४.३.४ दोन उदाहरणे

वरील लाभांमधून प्रत्यक्षात काय घडू शकते, हे पाहण्यासाठी आपण किनारा थोडा वेळ सोडून देशावर जाऊ. कारण पुनर्उभारणीचे फळ दिसण्यास जो दीर्घ काळ लागतो, तो या दोन उदाहरणांत उलटून गेला आहे.

(अ) मुक्ती, केडगाव : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी तरुणपणी आपले आई-वडील दुष्काळाच्या काळातच गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगाव येथील जमिनीवर ‘मुक्ती’ची वसाहत उभी राहिली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. भुकेलेल्याला जेवू घालून रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, शिवण, दूधव्यवसाय, छपाई असे उद्योग त्यांनी स्त्रियांना शिकविले. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीची सोय केली. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची अक्षरजुळणी व छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली. दुष्काळात रस्त्यावर आलेली मुलगी छापखान्यात खिळे जुळवू लागते, यालाच पुनर्उभारणी म्हणतात.

या कार्याची दुसरी बाजूही अभ्यासली पाहिजे. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८९३ मध्ये त्यांच्या शारदासदनातील मुलींवर धर्मप्रभाव पडत असल्याच्या आक्षेपावरून मोठा वाद झाला आणि न्या. म. गो. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुक्ती तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. ज्याच्यापाशी दुसरा आसरा नाही त्याने आश्रयदात्याचा धर्म स्वीकारला, तर त्यात स्वेच्छा किती, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला. त्याच वेळी, त्या मुलींसाठी दुसरे कोण धावले होते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. अभ्यासकाने यांपैकी एकाच प्रश्नावर थांबू नये.

(आ) किल्लारीनंतरची मुले : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव परिसरात भूकंप होऊन सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १९८५ मध्ये शांतिलाल मुथ्था यांनी स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त कुटुंबांतील सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची व निवासाची जबाबदारी घेतली. त्यातून वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. संघटनेच्या नावात ‘जैन’ शब्द आहे. पण भूकंपग्रस्त गावांतील ही मुले बहुतांशी जैनेतर शेतकरी व कष्टकरी कुटुंबांतील होती. आपल्या समाजाकडून निधी व मनुष्यबळ घ्यावे आणि त्याचा लाभ समाजाबाहेरच्यांना द्यावा, हे सूत्र येथे दिसते. शिवाय जबाबदारी एका हंगामाची नव्हती. मूल शिकून बाहेर पडेपर्यंत ती चालणारी होती.

दोन्ही उदाहरणांत काळाची लांबी समान आहे. मदत घेणाऱ्याची निवड आणि श्रद्धेचे स्थान यांबाबत मात्र ती भिन्न आहेत. ही तुलना घेऊन आपण पुन्हा किनाऱ्याकडे वळू.

४.३.५ यादीचा प्रश्न

आपत्तीनंतर शासकीय भरपाईसाठी पंचनामे होतात. पंचनाम्याचा आधार कागद असतो : घराची नोंद, नौकेची नोंदणी, सात-बारा उतारा. ही पद्धत गैर नाही. सार्वजनिक पैशाला पुरावा लागतोच. परंतु मालवण किनाऱ्यावरील अनेक माणसांचे जगणे या कागदांच्या बाहेर असते.

नौकेवर मजुरीने जाणारा खलाशी घ्या. नौका मोडली तर भरपाई मालकाच्या नावे निघते. खलाशाचा रोजगार बुडाला त्याची नोंद कोठे? डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकणारी बाई ना नौकेची मालक, ना जाळ्याची. रापणीत जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या हातांचा वाटा ठरलेला असतो. पण ओढणाऱ्याचा वाटा कोणत्याही दप्तरात नसतो. कराराने आंब्याची बाग घेणाऱ्याचे नाव सात-बारावर नसते. कोकणातील सामायिक खात्यांत तर एका तुकड्याला अनेक हिस्सेदार असतात, त्यांतले कित्येक मुंबईला. बाग राखणारा एक आणि संमती हवी सगळ्यांची.

या माणसांना ओळखणारी यंत्रणा गावातच असते आणि श्रद्धाधारित संस्था तिचा मोठा भाग आहे. शासनाची यादी जेथे संपते तेथून पुढची यादी ती करू शकते. तिच्या उपयुक्ततेचे मर्म येथे आहे आणि तिचा धोकाही येथेच आहे. देवस्थानाचा कारभार मानकऱ्यांच्या हाती असतो आणि मानाचा क्रम पिढीजात असतो. यादीनेही तोच क्रम धरला, तर मानात मागे असलेला मदतीतही मागे राहील. चर्चने आपल्याच सभासदांची नोंदवही उघडली, तर शेजारचे हिंदू घर सुटेल. जमातीच्या निधीबाबतही असेच घडू शकते. परजिल्ह्यातून वा परराज्यातून आलेला खलाशी तर कोणत्याच वहीत नसतो. ज्या ओळखीमुळे मदत अचूक पोहोचते, तीच ओळख नसल्यामुळे एखादा वगळलाही जातो.

याला उपाय आहे. वादळाने वाडी पाहिली, धर्म पाहिला नाही. म्हणून यादीचा घटक ‘आपला समाज’ न मानता ‘वाडी’ मानावा. निरनिराळ्या श्रद्धासमूहांच्या प्रतिनिधींनी, मच्छीमार संस्था व बचत गटांतील स्त्रियांसह, एकत्र बसून ती करावी. तयार यादी सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावी आणि सुटलेले नाव सांगण्यास मुदत द्यावी. तलाठी व ग्रामपंचायतीकडील यादीशी ती ताडून पाहावी, म्हणजे एकाला दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही, असे होणार नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) शासकीय पंचनाम्यातून सुटण्याची शक्यता असलेल्या तीन घटकांची नावे लिहा.
(आ) ‘ओळख’ हे श्रद्धाधारित संस्थेचे बळ आणि मर्यादा दोन्ही कसे ठरते?

४.३.६ मूल्यमापनाचे निकष

१९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस-रेड क्रिसेंट चळवळ व स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी आपत्तीकार्याची आचारसंहिता तयार झाली. मदत वंश, श्रद्धा वा राष्ट्रीयत्व न पाहता केवळ गरजेनुसार द्यावी आणि एखादे राजकीय वा धार्मिक मत पुढे नेण्यासाठी तिचा वापर करू नये, ही तिची दोन महत्त्वाची तत्त्वे आहेत. संस्थेला धार्मिक मत असू नये, असे ती म्हणत नाही. मदतीला त्याची अट जोडू नये, असे म्हणते. हा फरक सूक्ष्म पण निर्णायक आहे.

याच्या आधारे कोणत्याही श्रद्धाधारित संस्थेच्या कार्याला पुढील प्रश्न विचारता येतात :

१. मदत कोणाला मिळाली? त्यांत संस्थेच्या श्रद्धासमूहाबाहेरचे किती होते?
२. मदत घेणाऱ्याला प्रार्थना, उपस्थिती, वर्गणी वा निष्ठा यांची उघड अथवा छुपी अट होती काय?
३. दिलेली वस्तू त्या हंगामाच्या गरजेची होती काय? जुन्या कपड्यांचे ढीग आणि मासेमारीबंदीच्या तोंडावर छपराचे पत्रे, यांत फरक आहे.
४. सहा महिन्यांनी, वर्षाने संस्था त्या घरी पुन्हा गेली काय?
५. जमाखर्च लोकांपुढे मांडला गेला काय?
६. मदत घेणाऱ्याचा मान राखला गेला काय? फलकासमोर उभे करून छायाचित्र काढल्याने दात्याचे नाव होते, घेणाऱ्याची मान खाली जाते.

४.४ सारांश

आपत्तीनंतरचे कार्य मदत, पुनर्वसन व पुनर्उभारणी अशा टप्प्यांनी पुढे जाते. मालवण किनाऱ्यावर वादळाचा परिणाम मासेमारीच्या व पावसाच्या वेळापत्रकाशी बांधलेला असल्यामुळे स्थानिक जाण अत्यावश्यक ठरते. श्रद्धाधारित संस्थांपाशी माहिती, विश्वास आणि सातत्य असते. केडगावची मुक्ती आणि किल्लारीनंतरचे वाघोलीचे केंद्र यांवरून दीर्घकाळ टिकणारी जबाबदारी आयुष्य कसे बदलते हे दिसते. त्याचबरोबर आश्रय आणि श्रद्धा यांच्या संबंधातील ताणही दिसतो. कागदाबाहेरच्या माणसाला यादीत आणणे हे या संस्थांचे खास काम होय. ते करताना स्वतःच्या समूहाची सीमा ओलांडली, तरच मदत न्याय्य ठरते.

४.५ शब्दार्थ

गावरहाटी : दक्षिण कोकणातील ग्रामदैवताभोवती गुंफलेली गावाची पारंपरिक व्यवस्था.
मानकरी : देवकार्यात परंपरेने ठरलेला मान असणारी व्यक्ती वा घराणे.
रापण : किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाचे मोठे जाळे व त्या पद्धतीची मासेमारी.
शाकारणे : पावसाळ्यापूर्वी छप्पर नीट करणे.
सामायिक खाते : अनेक हिस्सेदारांच्या नावे असलेली जमिनीची नोंद.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) पुनर्उभारणीस दीर्घ काळ लागतो. तीत कुटुंब स्वतःच्या कमाईवर उभे राहते आणि पुढील आपत्तीला तोंड देण्याची त्याची ताकद वाढते. (आ) जूनच्या आरंभी पाऊस सुरू होतो आणि मासेमारीबंदीमुळे दुरुस्तीसाठी नवे उत्पन्न हाती येत नाही.
२ (अ) मजुरीने जाणारा खलाशी, मासळी विकणाऱ्या स्त्रिया, कराराने बाग घेणारा. (आ) ओळखीमुळे खरा गरजू सापडतो. पण ओळखीच्या वर्तुळाबाहेरचा माणूस वगळला जाण्याचा संभव असतो.

४.७ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘मदतीची यादी कोण करतो यावर मदतीचा न्याय ठरतो’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा. (३०० शब्द)
२. मुक्ती व वाघोली येथील कार्यांची ४.३.६ मधील निकषांच्या आधारे तुलना करा.
३. आपल्या गावात वा प्रभागात झालेली एखादी आपत्ती निवडा. त्या वेळी मदतीच्या कोणत्याच यादीत नसलेल्या एका व्यक्तीशी, तिची संमती घेऊन, बोला. तिचे नाव न लिहिता, तिच्या बोलीतील शब्द शक्य तेथे तसेच ठेवून, दोन पृष्ठांचे टिपण तयार करा. ती यादीत यावी यासाठी कोणी काय करता आले असते, हे शेवटी नोंदवा.